टेकूचा खांदा

४ फेब्रुवारी, गुरुवार

स्वेच्छानिवृत्तीच्या दिवशी ऑफिसने दिलेली ही डायरी तीन वर्षं कपाटात पडून होती. तारखा जुन्या आहेत, त्या खोडून नव्या घालतो आहे. आज मी एक मूर्खपणा कबूल करून बसलोय. तो निस्तरेपर्यंत कुठेतरी खरं बोलायला जागा हवी.

दादाला अकरा जानेवारीला झटका आला, कामाच्या टेबलावरच. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एकच शब्द उरलाय, ‘उद्या’. पाणी हवं असलं तरी उद्या, नको असलं तरी उद्या, डास चावला तरी उद्या. डॉक्टर म्हणतात असं होतं, सगळे शब्द जातात आणि एखादाच कुठेतरी अडकून राहतो. एकतीस वर्षं संपादकांना जे सांगत आले तेवढंच शिल्लक राहिलं, असं वहिनी म्हणाली. हसायला गेली आणि रडली.

आज संपादकबाई आल्या होत्या. दादाच्या चित्रकथेचा शेवटचा अंक जाहीर होऊन बसलाय. आता पुरे, तिच्या नायकाला, टेकूला, निवृत्त करायचं, हे दादानेच आजारपणाआधी ठरवलं होतं. गोष्ट त्याने वहीत चौकटी-चौकटीने लिहून ठेवली आहे. पानं काढायची राहिली आहेत, अकरा. बाई हळू आवाजात म्हणाल्या की त्यांच्याकडे एक हुशार चित्रकार आहे, तो हुबेहूब काढून देईल. दादा पलंगावरून ऐकत होता. त्याने डाव्या हाताने पाण्याचा पेला जमिनीवर ढकलला. तेव्हा वहिनी म्हणाली, “भावजी काढतील. त्यांनी आयुष्यभर दुसरं काय केलंय?”

मी आयुष्यभर पाण्याच्या टाक्या काढल्या. टाक्या, पुलांचे खांब, जिन्यांचे छेद. ड्राफ्ट्समनला चित्रकार म्हणणं म्हणजे सुताराला माळी म्हणणं, दोघांचाही संबंध लाकडाशी असतो म्हणून. हे मी सांगणारच होतो. पण माझं नाव निघताच दादाने डोळे मिटून घेतले. त्याने आशाच सोडली असं मला वाटलं आणि त्या रागात मी हो म्हणालो.

पानं दहा एप्रिलला छपाईला गेली पाहिजेत. दादाची एक पद्धत आहे. पान मनासारखं झालं की खालच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने छोटी खूण करायची. खूण नसलेलं पान त्याच्या घराबाहेर कधी गेलेलं नाही. मला त्या अकरा खुणा हव्यात, आणि त्या करायला दादा असायला हवा. डॉक्टरांनी मला जिन्यात गाठून जे सांगितलं ते मी वहिनीला सांगितलेलं नाही.

८ फेब्रुवारी, सोमवार

दादाकडून जुन्या अंकांचे दोन गठ्ठे आणले. दोन गल्ल्यांचं अंतर, पण पिशवीचा पट्टा डाव्या खांद्यावरून दहा वेळा घसरला. हल्लीच्या पिशव्यांत काही दम नाही. गेल्या वर्षी याच कारणासाठी मी दोन पिशव्या बदलल्या.

एकतीस वर्षांत मी यातला एक अंकही धड वाचलेला नाही. दादा दर महिन्याला पाठवायचा, मी रद्दीत टाकायचो. मुलांची करमणूक, आपल्याला काय करायचंय. आज दिवसभर बसून पंधरा वाचले. टेकू हा सुपरहिरो म्हणवतो, पण तो उडत नाही, कुणाला ठोसा मारत नाही. काळा मुखवटा, हनुवटी तेवढी उघडी. कुठे काही कोसळायला आलं, भिंत, छप्पर, उलटणारी बस, की हा येतो, डावा खांदा लावतो आणि लोक बाहेर पडेपर्यंत उभा राहतो. संपलं. कुणी आभार मानायच्या आत निघून जातो. यात मुलांना काय आवडतं देव जाणे.

चौदाव्या अंकात त्याने भरलेली पाण्याची टाकी पेलली आहे. माझ्या हिशेबाने दोनशे टन. माणूस खिळ्यासारखा जमिनीत जाईल. मी समासात गणित मांडून ठेवलं.

१० फेब्रुवारी, बुधवार

आजपासून दादाच्या खोलीत, त्याच्याच टेबलावर बसतो. पलंग शेजारीच. मी काढायचं, पाटीवर लावून त्याच्यासमोर धरायचं, तो डाव्या हातात खोडरबर घेऊन पसंत-नापसंत सांगणार, अशी व्यवस्था वहिनीने लावून दिली.

पहिला टेकू मी कंपास आणि गुण्या घेऊन काढला. डोक्याच्या आठपट उंच, दादाच्या वहीत लिहिलंय तसा. डोकं म्हणजे वर्तुळ, धड म्हणजे चौकोन, सगळी मापं बिनचूक. वहिनीने पाहिलं आणि म्हणाली, “रस्त्यावरचा दिव्याचा खांब आहे का हा?” जानेवारीपासून ती पहिल्यांदा हसली. दादाने रबराने पूर्ण माणूस पुसून टाकला. फक्त जमिनीची रेघ ठेवली. जमीन मला चांगली जमते.

१५ फेब्रुवारी, सोमवार

साठ-सत्तर टेकू काढून झाले. हाताचा पंजा म्हणजे केळ्याचा घड येतो. गुडघे पाठीमागे वाकल्यासारखे दिसतात. कपड्यांच्या चुण्या काढायला गेलो तर टेकूला इसब झाल्यासारखं वाटतं. पालथ्या घड्यावर पाणी चाललंय. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाने नवं काही शिकू नये, जुनं विसरू नये एवढं पाहावं.

मात्र आज एक गोष्ट लक्षात आली आणि जरा जीव आला. दादाच्या चित्रात चूक आहे. टेकूचे खांदे एका पातळीत नाहीत. डावा उतरलेला आहे. मला वाटलं एखाद्या चौकटीत हात चुकला असेल. कोनमापक घेऊन बसलो. एकतीस वर्षांतली निवडक चाळीस चित्रं मोजली. खांद्यावर वजन असो नसो, उतार साडेतीन ते चार अंश, कुठेही जास्त नाही, कमी नाही. इतकी सातत्याने केलेली चूक मी नोकरीतही पाहिली नाही. टेबल तिरकं असावं म्हणून पाणसळ लावून पाहिली. टेबल ठीक आहे.

म्हणजे इतकी वर्षं मला फूटपट्टी म्हणून चिडवणाऱ्या माणसाला सरळ रेघ येत नव्हती. मी खांदे समतल करून पान पुढे नेणार आहे. चुकीची नक्कल करायला मला शिकवलेलं नाही.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

पहिलं पान दाखवलं. आठ दिवस खपलो होतो, पंजेसुद्धा माणसाचे दिसत होते. दादाने बराच वेळ पाहिलं. मग खोडरबर घेतलं आणि फक्त खांदा खोडला. डावा. बाकी काही नाही. मी पुन्हा काढला, टी-स्क्वेअर लावून. त्याने पुन्हा खोडला. असं चार वेळा. कागदाला भोक पडायची वेळ आली.

मग त्याने रबर टाकलं, हात उचलून माझ्या डाव्या खांद्यावर ठेवला आणि दाबला. मला कळलं, त्याला उठायचंय. आधार देऊन बाथरूमला नेलं. तिथे काही झालं नाही. परत आणून बसवलं तर पुन्हा तेच, खांद्यावर हात, दाबणं, “उद्या, उद्या”. पुन्हा नेलं. तीनदा नेलं. तिसऱ्यांदा तो बाथरूमच्या दारात उभा राहून रडायला लागला. वहिनीला सांगितलं की डॉक्टरांना लघवीच्या त्रासाबद्दल विचारायला हवं.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

व्यायाम करून घेणाऱ्या बाई दादाकडे एक दिवसाआड येतात. आज जाताना मला म्हणाल्या, काका, तुम्हीही जरा सरळ उभे राहत जा. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या पेशंटकडे बघा.

खूण एकाही पानाला नाही. चार पानं पेन्सिलीत तयार आहेत, चारांतही टेकूला डावा खांदा नाही. त्या जागी राखाडी डाग आहे.

५ मार्च, शुक्रवार

आज हात टेकले. टेकू उभा राहतो, पण जिवंत होत नाही. कपड्यांच्या दुकानातला पुतळा आणून ठेवल्यासारखा वाटतो. दादाच्या जुन्या अंकात नुसती पाठमोरी आकृती असली तरी हा माणूस थकलाय हे कळतं. ती थकावट कुठून आणतात? पेन्सिलीच्या कुठल्या नंबरात मिळते?

वहिनीला म्हटलं, कुणाला तरी समोर उभं करून काढायला हवं, पण असा माणूस आणायचा कुठून. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “आरशासमोर उभे राहा की.” मी म्हटलं, थट्टेलाही काही मर्यादा असते, हे पोट आणि हे टक्कल घेऊन मी टेकू होणार? तिने माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं. “काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय,” असं म्हणून आत गेली. सकाळपासून मी खोडरबर शोधत होतो, ते माझ्याच कोपराखाली निघालं. बायकांचं लक्ष चौफेर असतं.

१२ मार्च, शुक्रवार

लिहायची लाज वाटते, पण न लिहून सुटका नाही. आज मी दादावर ओरडलो.

पाचवं पान होतं. मी ते जीव ओतून काढलं होतं. त्याने पाहिलं आणि पुन्हा खांदा खोडला. माझा तोल गेला. मी म्हणालो, “दोन वर्षं गोदामात पोती वाहिली मी. सोळा वर्षांचा होतो. तू तिकडे चित्रकलेच्या शाळेत झाडं नि पुतळे काढत होतास. तेव्हा कधी आलास का बघायला? आणि आता मी तुझं काम करतोय तर तेही खोडतोस.”

असं मी बेचाळीस वर्षांत कधी बोललो नव्हतो. वडील गेल्यावर आईने ठरवलं होतं, एकाने शिकायचं, एकाने घर चालवायचं. दादाच्या हातात कला होती, माझ्या हातात नुसता हिशेब. तेव्हा मला त्याचं काही वाटलंही नाही. पुढे संध्याकाळच्या वर्गाला बसून मी ड्राफ्ट्समन झालोच. मग हे सगळं पोटात कुठे साठून राहिलं होतं?

दादा ऐकत राहिला. पुसायला हात वर न नेता रडत राहिला. मग त्याने टेबलाकडे बोट केलं. मी पेन्सिल दिली. डाव्या हाताने त्याने चिठोऱ्यावर एक रेघ ओढली, डावीकडे उतरत गेलेली. तिच्यावर एक वेडावाकडा चौकोन. कागद माझ्यापुढे ढकलला. मी तो उलटसुलट करून बघत बसल्यावर त्याने दुसरा कागद घेतला, पुन्हा तेच. अकरा कागद झाले. डॉक्टर म्हणालेच होते, एका अंगाने गेलेल्या माणसाची रेघ घसरते. मी पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, छान आहे, दादा. त्याने तोंड भिंतीकडे केलं.

त्यातल्याच एका चिठोऱ्याला मी बोरूची शाई पुसली. कागद फुकट कशाला घालवायचा.

१३ मार्च, शनिवार

गेलो नाही. घरीच होतो. काही काढलं नाही.

२५ मार्च, गुरुवार

सकाळी दादाला दवाखान्यात हलवलं. छातीत कफ भरलाय, गिळताना अन्न चुकीच्या वाटेने जातं म्हणे. नळ्या लावल्यात. वहिनी तिथेच राहणार. मला म्हणाली, “तुम्ही पानं बघा भावजी, इथे बसून तुम्ही करणार काय?” खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

दादाच्या रिकाम्या खोलीत बसलो. पलंगावर खोडरबर पडलं होतं. ते उचलून डब्यात टाकलं.

३ एप्रिल, शनिवार

नऊ दिवसांत पाच पानं झाली. खोडणारं कुणी नसलं की काम किती भराभर होतं. डाव्या खांद्याच्या जागी पडलेले डाग पांढऱ्या रंगाने झाकले आणि शाईने समतल रेघ मारली. प्रत्येक चौकटीत. गुण्या लावून तपासलं, कुठेही अर्ध्या अंशाचा फरक नाही. आकृती हाताला बसली आहे आता. मला टेकू काढता येतो, हे वाक्य मी कधी लिहीन असं फेब्रुवारीत वाटलं नव्हतं.

आनंद व्हायला हवा होता. दवाखान्यात जाऊन सांगितलं तर दादा झोपेत होता. झोप नव्हतीच ती, पण वहिनी झोप म्हणते.

७ एप्रिल, बुधवार

शेवटचं पान. वहीत दादाने झटक्याच्या आदल्या आठवड्यात लिहिलंय: ‘शेवटची चौकट. टेकू पायरीवर बसला आहे. पहिल्यांदाच बसला आहे. खांद्यावर आता काहीही नाही, तरी खांदा खालीच. चेहरा दाखवायची गरज नाही.’

इथे मात्र दादा चुकला असं मी धरतो, आणि हे मत चित्रकाराचं नाही, माझ्या धंद्याचं आहे. भार काढला की तुळई पूर्ववत होते. आमच्या ऑफिसात शिपाईही हे सांगेल. खांद्यावर वजन नसेल तर खांदा खाली का राहील? वाचकाला वाटेल चित्र चुकलं. मी दोन दिवस विचार केला आणि खांदा सरळ काढला. पायरी, सावली, भिंतीच्या विटा, सगळं सुरेख उतरलंय. टेकू ताठ बसलाय, निवृत्तीच्या समारंभात बसतात तसा.

९ एप्रिल, शुक्रवार

पानं पोचवली. संपादकबाईंनी एकेक पान हातात घेतलं. रेघ स्वच्छ आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, “टेकू जरा वेगळा वाटतोय.” मी सांगितलं, मूळ आकृतीत डाव्या खांद्याला चार अंशांचा दोष होता, तो काढून टाकलाय. त्यांनी पानांचे खालचे कोपरे चाळले. दादांनी खुणा केल्यात का, असं विचारलं. मी म्हटलं, दादा दवाखान्यात आहे. मग त्यांनी पानं पाकिटात घातली. उद्या छपाई, आता काही बदलणं शक्य नाही, असं जणू स्वतःलाच म्हणाल्या.

कोपरे कोरेच राहिले. ते मला वाटलं होतं त्याहून जास्त टोचतंय.

४ मे, मंगळवार

दादाला घरी आणून दहा दिवस झाले. बरं वाटतंय म्हणून नव्हे, दवाखान्यात ठेवून उपयोग नाही म्हणून. आता वहिनीलाही सगळं सांगितलंय. तिला आधीच माहीत होतं. जिन्यात डॉक्टरांनी तिलाही गाठलं होतं, आणि तिने मला सांगितलं नव्हतं.

आज छापील अंक आला. मी तो दादाच्या पोटावर उशी ठेवून तिच्यावर उघडला. एकेक पान मी उलटत होतो, तो बघत होता. शेवटच्या पानावर त्याने डाव्या हाताचा अंगठा टेकूच्या खांद्यावर ठेवला आणि खाली ओढला, ओली शाई फासावी तसा. छापलेली शाई ती, हलणार कशी. पुन्हा ओढला. मग म्हणाला, “उद्या.”

मी विचारलं, आवडलं का. त्याने हात उचलायचा प्रयत्न केला. उचलेना. वहिनीने तो धरून माझ्या डाव्या खांद्यावर ठेवला. दाबायची ताकद राहिलेली नाही, नुसता पडून होता. मी म्हटलं, बाथरूमला जायचंय का याला, आता नळी आहे ना? वहिनी म्हणाली, “नाही हो भावजी. राहू दे तसाच. त्यांना ठेवायचाय तो तिथे.”

पंधरा-वीस मिनिटं तशी गेली असतील. माझी कंबर आखडली होती. मी जरा हललो, तर हात घसरून खाली पडला. परत ठेवायला हवा होता. तेव्हा ते सुचलं नाही.

१३ मे, गुरुवार

दादा शनिवारी सकाळी गेला. वहिनी उशी सारखी करत होती.

तिरडी नेताना पुढची एक बाजू माझ्या डाव्या खांद्यावर होती. मागच्याने दोनदा सांगितलं, काका, तुमच्या बाजूला उतरतंय, जरा उचलून धरा. मी उचलून धरत होतो. जमेल तेवढं धरत होतो.

पाच दिवस काही लिहावंसं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

२९ मे, शनिवार

हे सगळं क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो.

वहिनीने मला दादाचा करडा कोट दिला. नवाच आहे, दोनदा घातलेला. बाह्या लांब होत होत्या म्हणून कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेलो. मी आयुष्यभर तयार शर्ट घेत आलो, शिंप्याच्या हाताखाली कधी उभा राहिलो नाही. त्याने कोट चढवला, मागे जाऊन पाहिलं, टेप लावली आणि म्हणाला, “डावा खांदा चांगला दीड बोट खाली आहे, साहेब. आत पॅड घालून सारखा करून देऊ?”

मी म्हटलं, कुणाचा खांदा?

“तुमचा. लहानपणी ओझी उचललीत का? त्या वयात हाडं कोवळी असतात, एकदा बसली की बसली.”

समोर तीन आरसे होते. तिन्हींमध्ये तो उभा होता. मुखवटा नव्हता, पोट होतं, टक्कल होतं, पण उभा तोच होता. खांदा लावून, कुणाची तरी बाहेर पडायची वाट बघत असल्यासारखा. एकतीस वर्षं दर महिन्याला तो माझ्या दारात यायचा आणि मी त्याला रद्दीत टाकायचो.

घरी आलो. खरं तर मोजायची गरज नव्हती, पण मला दुसरं काही करता येत नाही. शर्ट काढला, आरशावर ओळंबा सोडला, काचेवर दोन्ही खांद्यांच्या खुणा केल्या, कोनमापक लावलं. चार अंश.

मग उठून वहिनीकडे गेलो. तिला काय विचारायचं ते मला नीट जुळवताही येईना. तिनेच विचारलं, काय झालं. मी म्हणालो, टेकू मी आहे. ती खुर्चीत बसली.

“म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?” ती म्हणाली. “मला वाटलं तुम्हाला राग आहे. इतकी वर्षं तुम्ही त्या अंकांबद्दल एक शब्द काढला नाहीत, म्हणून हे म्हणायचे, त्याला आवडलं नसेल, आपण विषय काढायचा नाही. आरशासमोर उभे राहा म्हटलं तेव्हा मी काय गंमत करत होते?” मग म्हणाली, दादा गोदामापाशी यायचा. वर्गाच्या आधी यायचा, समोरच्या फुटपाथवर बसून पोती वाहणाऱ्या भावाची चित्रं काढायचा. त्याला भेटायची लाज वाटायची. पहिला टेकू त्या वहीतला आहे.

मी कधी आलास का बघायला, असं विचारलं होतं त्याला. आणि त्याच्याकडे उत्तराला एक उद्या होता.

३० मे, रविवार

भार काढला की तुळई पूर्ववत होते, हे मी अर्धंच लिहिलं होतं. मर्यादेत असेल तर होते. मर्यादेबाहेर गेला की भार काढल्यावरही वाक तसाच राहतो. हे संध्याकाळच्या वर्गात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, परीक्षेत मी ते बरोबर लिहिलंही होतं. दादाला कुणी शिकवलं नव्हतं, त्याला माहीत होतं.

अंक गावोगाव गेलाय. अकराही पानांवर सरळ खांद्याचा कुणी तरी उपरा उभा आहे आणि शेवटच्या पानावर ताठ बसला आहे. मी स्वतःला गुण्या लावून त्याच्या पुस्तकातून काढून टाकलं, आणि त्याने ते मरण्यापूर्वी पाहिलं. याला काही दुरुस्ती नाही. संपादकबाई म्हणतात, पुढे कधी पुन्हा छापलं तर बदलू. त्या चांगल्या आहेत, पण माझा वाचक गेला.

टेबलाच्या खणात तो शाई पुसलेला चिठोरा सापडला. उतरती रेघ आणि वर चौकोन. पोतं ते. कुणालाही कळलं असतं.

शेवटची चौकट आज नव्याने काढली. वहिनीने दादाच्या खोलीत आरसा आणून ठेवला. कंपास घेतला नाही, पट्टी घेतली नाही. पायरीवर बसलेला माणूस, खांद्यावर काहीही नाही, तरी खांदा खालीच. पहिल्यांदाच तो मला थकलेला जमला. वहिनीने पान उजेडात धरून पाहिलं, डोळे पुसले आणि टोक केलेली निळी पेन्सिल माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही. ती खूण माझी मला करता येत नाही.

पान पाटीला लावून पलंगावर ठेवलं, त्याच्या डाव्या हाताला येईल असं. डब्यातून खोडरबर काढून शेजारी ठेवलं. मग खुर्ची ओढून नेहमीच्या जागी बसलो. ऊन खिडकीतून भिंतीवर गेलं, भिंतीवरून कपाटावर गेलं. कुणी काही खोडलं नाही.